दुपारी तीननंतर ‘वाळवण’ म्हणायचं नाही

मला लोक हवामानवाले काका म्हणतात. हवामानातलं मला काडीचं कळत नाही. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललं म्हणून. माझा धंदा भोंग्याचा. तीनचाकी टेम्पो, त्याच्या टपावर दोन भोंगे, एक पुढं तोंड केलेला, एक मागं. आत बॅटरी, अँप्लिफायर आणि माझ्या हातात माईक. साड्यांचा सेल, सर्कस, पाणी बंद, पोलिओ डोस, जयंतीची मिरवणूक कुठून निघणार, सगळं मी ओरडलेलो आहे. आणि दरवर्षी मार्चपासून जूनपर्यंत तहसील कचेरीच्या सांगण्यावरून वादळी पावसाचा इशारा ओरडायचो. हा इशारा ओरडायला लागल्यापासून लोकांनी मला हवामानवाला करून टाकलं.

मंडळाच्या पोरांनी दिवाळी अंकात लिहा म्हणून धरलं. म्हटलं, मी बोलणारा माणूस आहे. म्हणाले, बोलता तसंच लिहा. तर लिहितो. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, ती त्यांची हमाली. यात माझी एक चूक आहे. ती सांगायची म्हणून बाकीचं सांगतोय.

आधी धंदा समजून घ्या. भोंगा चालत्या गाडीतून ओरडायचा नसतो. नवीन माणूस तसं करतो आणि लोकांना फक्त ‘...रिकांनी ...वध राहावे’ एवढंच ऐकू जातं. गाडी नाक्यावर थांबवायची. दोन इमारतींच्या मधे उभं राहायचं नाही, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढचा शब्द खातो. वाक्य लहान. एकच गोष्ट दोनदा. मधे श्वास घ्यायचा, म्हणजे गॅलरीतला माणूस आतल्या माणसाला विचारू शकतो, ‘काय म्हणतोय रे हा?’

इशाऱ्याचे दोन प्रकार. एक सकाळी यायचा, आज दिवसभरात काय होईल याचा. दुसरा तीन तासांचा, तो दुपारी कधीही. कचेरीतल्या मॅडम फोन करायच्या, नंतर नंतर मोबाईलवर कागदाचा फोटो पाठवायच्या. त्यात रंग असायचा, पिवळा, नारंगी नाहीतर लाल. आणि खाली लिहिलेलं असायचं की ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह जोरदार पावसाची शक्यता, सोसाट्याचा वारा, सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे. आता सखल भाग कुठला असं सखल भागातल्या माणसाला विचारा. तो सांगेल, तो नाल्यापलीकडं. नाल्यापलीकडचा सांगेल, तो अलीकडं.

पावसाळ्याचा पाऊस पाहुण्यासारखा. येतो म्हणून सांगतो, येतो, मुक्काम ठोकतो. वळीव म्हणजे प्यालेला मेहुणा. येईल की नाही नक्की नाही, आला तर अर्ध्या तासात भांडी आपटून जाणार. दिवसभर ऊन तापतं, तिकडं मुरबाडच्या पलीकडं डोंगरावर ढग जमतात आणि चारच्या सुमाराला आमच्याकडं सरकतात. कळव्यात धो धो आणि ठाकुर्लीत धूळ, असं मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून अंदाज सांगणाऱ्यांना शिव्या घालू नका. जिल्हा केवढा, ढग केवढा.

आणि नाल्याचं आणखी वेगळं. आपल्या डोक्यावर थेंब नसतो, पण वर डोंगराच्या अंगाला पडलेलं सगळं नाल्यातून खाली येतं. उन्हाळ्यात नाल्यात वर्षभराचा गाळ आणि पिशव्या. पाण्याला जागा नाही. मग ते गल्लीत येतं. बाहेर ऊन आणि खाटेखाली पाणी, असली गंमत असते.

लोक हे समजून घेत नाहीत. एकदा शनिवारी इशारा दिला आणि पाऊस आला नाही. सोमवारी एका बाईने टेम्पो अडवला. ‘काका, तुमच्यामुळं माझ्या पापडांचं एक ऊन फुकट गेलं.’ पुढच्या आठवड्यात इशारा आलाच नाही, मी गेलो नाही, आणि चार थेंब पडले. तीच बाई. ‘काका, तुम्ही आला नाहीत म्हणून मिरच्या भिजल्या.’ मी म्हटलं, ताई, तुमच्या मिरच्यांसाठी मी ढगात माणूस ठेवतो.

एक गृहस्थ पोरीच्या हळदीच्या दिवशी हात जोडून आलेले. मांडव रस्त्यात, व्याही दारात. म्हणाले, ‘काका, आमच्या गल्लीत जरा हळू बोला.’

म्हटलं, ‘भोंगा हळू बोलत नाही.’

‘मग पाऊस सोडून बाकीचं बोला.’

‘बाकीचं काय बोलू? पाऊसच सांगायला आलोय.’

‘वारा बोला. वाऱ्याने व्याही घाबरत नाहीत.’

मी वारा, पाऊस दोन्ही बोललो. मांडव उडाला तो समोरच्या शाळेच्या गेटात जाऊन अडकला, आणि व्याह्यांनी धरायला मदत केली. लग्न झालं. पोरगी आता दोन मुलांची आई आहे, तिचा बाप अजून माझ्याशी बोलत नाही.

मैदानावर क्रिकेटवाल्यांची फायनल चाललेली, त्यांच्या समालोचकाने माझ्या भोंग्याला आपल्या भोंग्याने उत्तर दिलं, ‘हवामानवाले काका आलेले आहेत, काकांना विनंती, तीन ओव्हर बाकी आहेत!’ पब्लिकने टाळ्या वाजवल्या. मी पण माणूस आहे, तीन ओव्हर थांबलो. पाऊसही थांबला म्हणा.

हे सगळं मी एकट्याने केलं असं समजू नका. टेम्पोत माझ्या शेजारी सुमन असायची, माझी बायको. ती सातवी शिकलेली, म्हणजे आमच्या घरातली पदवीधर. कचेरीचा कागद ती वाचायची आणि मला बोलायच्या भाषेत करून द्यायची. सुरुवातीची दोन वर्षं मी कागद आहे तसा ओरडायचो. जीवितास धोका संभवतो. कुणी खिडकीचा पडदा हलवायचं नाही. एका सकाळी नाल्याकाठच्या बिल्डिंगींसमोर मी घसा फोडत होतो तर ती म्हणाली, ‘अहो, जीवितास धोका, जीवितास धोका काय लावलंय? जिवाचं भ्या असतं तर माणसं नाल्याकाठी राहिली असती का? द्या इकडं.’

माईक घेतला आणि सुरू. ‘अगं बायांनो! गच्चीवरचं वाळवण काढा! गहू काढा, मिरच्या काढा, कुरडया काढा! आज पाऊस आहे!’

तुम्हाला सांगतो, पाच मिनिटांत गल्ली उभी. चपलांचा आवाज, परातींचा आवाज, एकमेकींना हाका. जी माणसं जिवासाठी उठली नव्हती ती कुरडयांसाठी उठली. आणि एकदा वाळवण घेऊन खाली आली की ती बाहेरच असतात, वर आभाळाकडं बघत असतात. तेवढ्यात सुमन दुसरं सांगायची, ‘आता तळमजल्यावाल्यांनी गाद्या वर ठेवा. कागदपत्रं पिशवीत घाला. म्हाताऱ्यांना संध्याकाळी वरच्या मजल्यावर पाठवा.’ सगळं व्हायचं. कचेरीतल्या मॅडमनी विचारलेलं, तुमच्या भागातले लोक ऐकतात कसे? मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हटलं, अनुभव.

एक गोष्ट मात्र होती. हे ती सकाळच्या फेरीला बोलायची. आभाळ निळं असताना. दुपारचे तीन वाजले की तिच्या तोंडून वाळवण हा शब्द बंद. तीन तासांचा इशारा आला तर ती नुसतं ‘घरात बसा, घरात बसा’ करायची. मी कधी विचारलं नाही का. बायको अमुक शब्द बोलत नाही, तर नाही बोलत. विचारायला लागलो असतो तर संसार झाला नसता.

सुमन थंडीत गेली. मूत्रपिंडाचं होतं. आठवड्यातून दोनदा मशीनवर जायची आणि उरलेल्या दिवशी टेम्पोत बसायची. शेवटी शेवटी बसायचीही नाही. माझं काय झालं ते लिहीत नाही, ज्याचं झालंय त्याला माहीत आहे आणि ज्याचं झालं नाही त्याला सांगून उपयोग नाही. शेजारच्या सीटवर मी बॅटरी ठेवायला लागलो. रिकामी सीट बघवत नव्हती.

तर तिच्यामागचा पहिला उन्हाळा. मे महिना. त्या आठवड्यात दोनदा इशारा आलेला आणि दोन्ही वेळा पाऊस दुसरीकडं पडला होता. लोक मला बघून हसत होते. गुरुवारी साडेतीनला मॅडमचा फोन आला. आवाज घाईचा. ‘काका, नारंगी आलाय. विजा आहेत, वारा आहे. डोंगराकडं सुरू झालंय. तुम्ही नाल्याकाठ घ्या पहिला.’

नाल्याकाठी चार बिल्डिंगी एका रांगेत, तीन-तीन मजल्यांच्या, आणि पुढं बैठ्या खोल्या. मी नाक्यावर गाडी लावली आणि सांगितलं, घरात बसा, विजा आहेत, नाल्याला पाणी येईल. एक पोरगी खिडकीतून बोलली, ‘काका, काल पण येणार होता!’ आतून हसण्याचा आवाज. परत सांगितलं. कुणी हललं नाही. पूर्वेला बघितलं तर आभाळ कढईच्या बुडासारखं काळं. मग मी तेच केलं जे चालतं म्हणून मला माहीत होतं. माईक तोंडाजवळ घेतला आणि सुमनच्या चालीत ओरडलो, ‘अगं बायांनो! गच्चीवरचं वाळवण काढा! कुरडया काढा!’

गल्ली उठली. चपला, पराती, हाका. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, बघ सुमन, जमलं. तेवढ्यात पहिला गडगडाट झाला, लांबचा, पोटातून आल्यासारखा. मी वर बघितलं. चारही गच्च्यांवर बायकाच बायका. कुरडया त्या दिवशीच्याच घातलेल्या, अर्ध्या ओल्या, साड्यांना चिकटलेल्या. त्या पटकन निघत नाहीत. चौघींनी साडीचे चार कोपरे धरून उचलायच्या असतात. लोखंडी दांड्याला बांधलेल्या तारांखाली, उघड्यावर, त्या चौघी चौघी उभ्या. आणि ढग त्यांच्या डोक्यावर.

तेव्हा मला कळलं सुमन तीननंतर का बोलत नव्हती. तिची युक्ती मी उचलली होती. तिचं डोकं कुठून आणणार?

‘खाली उतरा!’ मी ओरडलो. ‘वाळवण राहू द्या! वीज आहे! खाली उतरा!’

वरून एक बाई ओरडली, ‘आत्ता काढा म्हणालात, आत्ता राहू द्या म्हणता! काका, एक काय ते ठरवा की!’ सगळ्या हसल्या. वाऱ्याने साड्या फुगल्या तशा त्या आणखी घट्ट धरून उभ्या राहिल्या. मी हात जोडले, तर हात हलवतोय असं समजून एकीने परत हात हलवला.

मग माझ्या तोंडातून आलं, ‘नाल्याला पाणी आलं! तळमजल्यात शिरलं! घरं बघा, घरं!’

खोटं होतं. नाला ठणठणीत कोरडा होता, त्यात एक कुत्रं झोपलेलं. पण बायका साड्या टाकून पळाल्या. जिन्यात नुसता धडधडाट. आयुष्यात मी एकदाच खोटा इशारा दिलाय, आणि तो वीस मिनिटांत खरा झाला. पाणी आलं तेव्हा सगळे जागे होते, गाद्या वर गेल्या होत्या, म्हातारी माणसं जिन्यात बसली होती. कुत्रंही वाचलं.

गच्चीवरून सगळ्या उतरल्या होत्या, एक सोडून. तिसऱ्या बिल्डिंगीतल्या कमळावहिनी. सुमनची मैत्रीण, साठीच्या, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला तळमजल्यातल्या पाण्याची काय भीती? बाकीच्या पळाल्या आणि ह्या एकट्या साडी गोळा करत राहिल्या. मला त्या खालून दिसत होत्या. मी ‘वहिनी, वहिनी’ ओरडत होतो. त्यांनी हाताने ‘थांबा हो’ अशी खूण केली. मग सगळं पांढरं झालं. आवाज असा की माझा भोंगा आपोआप शिटी मारायला लागला.

वीज कपड्यांच्या तारेच्या दांड्यावर पडली होती. मी जिना कसा चढलो आठवत नाही. वहिनी कुरडयांच्या शेजारी आडव्या. श्वास चालू. मी आणि बिल्डिंगीतल्या दोघांनी त्यांना खाटेवर घालून उतरवलं तोपर्यंत गल्लीत मांडीइतकं पाणी. टेम्पो सीटपर्यंत बुडाला होता, बॅटरी आणि अँप्लिफायर पाण्यात. खाट डोक्यावर धरून मेन रोडपर्यंत गेलो. वहिनी जगल्या. उजवा कान कायमचा गेला, डाव्याने अर्धंमुर्धं.

पुढं काय झालं माहीत आहे? माझा सत्कार झाला. शाल, नारळ. एका पुढाऱ्याने भाषण केलं की काकांनी वेळीच पाण्याचा इशारा दिला म्हणून इतकी घरं वाचली. तळमजल्यावरच्या बायांनी पाया पडायला सुरुवात केली. मी शाल घेऊन घरी आलो आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. गच्चीवर त्यांना चढवलं कुणी, हे एकानेही विचारलं नव्हतं. सगळ्यांना दुसरी घोषणा आठवत होती. पहिली फक्त मला.

पंधरा दिवसांनी वहिनी दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं. गेलो. दार उघडं, वहिनी लसूण सोलत बसलेल्या. कपाळाजवळ पांढरी पट्टी. मी बसलो. घरून पाठ करून गेलेलो. हळूच म्हटलं, ‘वहिनी, एक बोलायचं होतं. त्या दिवशी तुम्हाला गच्चीवर मी चढवलं.’

त्यांनी डावा कान पुढं केला. ‘काय?’

‘गच्चीवर. मी चढवलं.’

‘कोण रडलं?’

मी इकडं तिकडं बघितलं. जिन्यात माणसं, शेजारच्या घरात टीव्ही चालू. पण आता मागं कसं फिरणार? चाळीस वर्षं ज्या आवाजात साड्यांचा सेल ओरडलो त्या आवाजात ओरडलो, ‘वहिनी! गच्चीवर तुम्हाला मी चढवलं! वाळवण काढा मी म्हणालो! चूक माझी होती!’

बिल्डिंग गप्प झाली. शेजारचा टीव्ही बंद झाला. वर कुणाचा तरी मिक्सर चालू होता तो थांबला. दारं उघडल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन.

वहिनींनी लसूण खाली ठेवला. ‘अहो भाऊजी,’ म्हणाल्या, ‘बहिरी मी झालेय, बिल्डिंग नाही.’

मला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाला रडू आलं की ते शोभत नाही, नाक आधी वाहतं. वहिनींनी फडकं दिलं, तेही लसणाचं.

मग म्हणाल्या, ‘मला ठाऊक आहे. सुमन तीननंतर नाही बोलायची ते. मी विचारलेलं तिला एकदा, भाजी निवडताना. म्हणाली, सकाळी नुसता पाऊस चुकवायचा असतो गं, दुपारी वीज असते. तेव्हा गच्चीवर बाई चढवली तर पाप कुणाचं?’

इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसलो आणि विचारलं नाही. वहिनींनी एकदा मेथी निवडताना विचारलं.

‘मग तुम्हाला माहीत होतं तर चढलात कशाला?’ मी विचारलं. म्हणजे ओरडलो.

‘कुरडया माझ्या होत्या ना,’ वहिनी म्हणाल्या. ‘तीन दिवस गहू भिजवलेला. तुम्ही पुरुष माणसं, तुम्हाला चीक कधी घोटायला लागलाय? आणि सुमनच्याच चालीत बोललात. क्षणभर वाटलं तीच आली.’

मी ते लसणाचं फडकं परत नाकाला लावलं.

‘आता ऐका,’ म्हणाल्या. ‘तुमचा भोंगा मला नुसता घूं घूं ऐकू येतो. यापुढं इशारा आला की वर यायचं आणि माझ्या कानात सांगायचं. चूक केलीत ना? मग जिने चढा.’

तेव्हापासून चढतोय. भोंगे दुरुस्त करून मी आणखी काही उन्हाळे काम केलं. तीननंतर वाळवण कधी म्हटलं नाही, आणि माझ्या जागी जो आला त्यालाही तेवढं एकच शिकवलं. आता तर लोकांच्या मोबाईलवरच इशारा येतो, खिशात फोन थरथरतो. टेम्पो मी गेल्या वर्षी देऊन टाकला. पण वहिनी फोन जवळ ठेवत नाहीत, म्हणतात तो खोटारडा आहे. मग माझा फोन थरथरला की मी ठाकुर्लीच्या माझ्या घरून निघतो.

या उन्हाळ्यातही गेलेलो. नारंगी होता. पोचेपर्यंत वारा सुटलेला, अंगावर धूळच धूळ. जिने चढलो, वहिनींच्या डाव्या कानाशी वाकून सांगितलं, ‘वहिनी, वीज आहे. घरात बसा. गच्चीवर जायचं नाही.’

‘नाही जात,’ म्हणाल्या. मी चप्पल घालायला लागलो तर म्हणाल्या, ‘कुठं निघालात?’

‘घरी.’

‘ह्या असल्यात?’ त्यांनी खिडकीकडं बोट केलं. नाल्यापलीकडं आभाळ फाटत होतं. ‘गावभर दुसऱ्यांना घरात बसा, घरात बसा करत फिरलात. तुम्हाला कोण सांगतं हो आता, घरात बसा म्हणून?’

मी चप्पल काढली आणि बसलो. पाऊस तासभर पडला.